पाच सेकंद

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे
माझं डेंटिंगचं गॅरेज.
रविवारी रात्री टोचन करून आणल्या दोन गाड्या,
दोन्ही जुन्या मारुती आठशे.
निळी कायतानची, पिवळी सगुण वेळीपची.
निळीच्या नाकावर पिवळा रंग,
पिवळीच्या मागच्या दारावर निळा.

एवढ्याशा रंगावरून
चार दिवस झाले, गाव भांडतंय.

बंद खाणीची सपाटी, जिथं पूर्वी माल ओतायचे.
टायरांचं कुंपण, बारा फेऱ्या,
आणि धूळ अशी तांबडी
की सहाव्या फेरीपासून गाड्या नंबरावरून नव्हे,
आवाजावरून ओळखायच्या.
शेवटच्या वळणावर सगुण पुढे होता.
कायतानने आतून नाक घातलं.
सगुण टायरांत. कायतान पहिला.
मग पंचांनी माइकवर कागद वाचला:
पाच सेकंद दंड.
पहिला होता तो तिसरा झाला,
आणि कप नेला म्हापशाच्या कुठल्याशा पोराने,
ज्याचं नाव आज कुणालाच आठवत नाही.

आंतोनच्या बारात हुर्राकचा हंगाम.
बाबुसो म्हणतो,
"जागा दिसली की घालायची.
रेस आहे ती, लग्नाची पंगत नव्हे,
आधी तुम्ही बसा म्हणायला."
"जागा होतीच कुठं?" रोमाल्द ग्लास आपटतो,
"त्याने ती केली. दुसऱ्याच्या दारातून."
पोस्टातले शिरोडकर खिशातून घडी काढतात,
नियम चौदा, आरतीसारखा पाठ,
तरी वाचूनच दाखवतात:
पुढच्याच्या दारापर्यंत पोचलात
तरच वळण तुमचं.
"दारापर्यंत म्हणजे कडीपर्यंत की काचेपर्यंत?"
"असा दंड लावत बसलात तर कोण येईल बघायला?
रांगेतल्या गाड्या बघायच्या
तर मडगावच्या पुलावर उभा राहीन की, फुकट."
कुणीतरी लिंबू मागतं.
कुणीतरी कायतानच्या बापाचा उद्धार करतं,
तो बाप कोपऱ्यात बसलाय हे न बघता.

दाराबाहेर मिळाग्रीनचा गाडा, रोस ऑम्लेटचा.
अंडं फोडता फोडता ती आत बघून म्हणाली,
"ह्याच रस्त्यावर ट्रिपा मारायचात ना तुम्ही?
पाच झाल्या की सहावीसाठी धावत,
ताडपत्री न बांधता.
माझा पावलू सायकलवर होता.
त्याला ढकलला त्याला किती सेकंद लावले?"

तवा तेवढा चुरचुरत राहिला.
बाबुसोने ग्लास खाली ठेवला,
त्याच्या हातावर अजून स्टिअरिंगचे घट्टे आहेत.
त्याने नव्हता मारला पावलूला.
पण त्या दिवशी त्याच्याही सहा ट्रिपा झाल्या होत्या.

मग शिरोडकर, घडी घालत, हळूच:
"तरीपण, नियम चौदा..."
आणि सगळे पुन्हा सुरू झाले,
थोडे खालच्या पट्टीत.

मला कुणी विचारलं नाही.
पत्र्याला विचारायची पद्धत नसते.
ओरखडा मागून पुढे गेलेला, तर मागच्याने ढकललं.
पुढून मागे आलेला,
तर पुढच्याने दार लावून घेतलं तोंडावर.
पिवळीच्या दारावर दोन्ही आहेत,
एकावर एक.
कोणता खालचा, कोणता वरचा
हे मी नखाने चाचपून पाहिलंय,
लाइट दोनदा तिरका धरून.

दोघांचीही उधारी आहे माझ्याकडे.

काल रात्री शटर ओढताना कायतान आला, एकटाच.
दाराजवळ उकिडवा बसला.
बोट नेलं ओरखड्यावर, पण टेकवलं नाही.
"दिसतंय काय रे काही?"
मी म्हटलं, "उद्या पुट्टी भरतो. परवा रंग."
"मग दिसणार नाही?"
"हात फिरवला तर कळेल."

तो बराच वेळ तिथंच बसून.
फाटक पडलं, मालगाडी गेली, कोळशाची,
फाटक उघडलं.
मी बत्ती घालवली नाही.